आचारसंहिता नको, घड्याळ द्या

कुठल्याही तहसील कार्यालयात जा. जिन्याशेजारी नाहीतर पिण्याच्या पाण्याच्या टाकीच्या वर एक फलक टांगलेला असतो. वर मोठ्या अक्षरांत 'नागरिकांची सनद', खाली तक्ता: सेवेचं नाव, लागणारी कागदपत्रं, शुल्क, किती दिवसांत मिळेल, कोण देईल, नाही मिळाली तर अपील कोणाकडे. त्याच्या शेजारी दुसरा फलक. 'लाच देणे व घेणे हा गुन्हा आहे', आणि खाली लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर. पहिला फलक सांगतो काम किती दिवसांत होईल. दुसरा सांगतो काम करणारा माणूस कसा असावा.

माझं भांडण या दुसऱ्या फलकाशी आहे. म्हणजे लाच घ्यावी असं मी म्हणत नाहीये (आधीच सांगून ठेवलेलं बरं). पण सरकारी सेवा इतकी रटाळ का, या प्रश्नाला आपण वर्षानुवर्षं 'माणसं वाईट म्हणून' असं उत्तर देत आलोय, आणि त्यामुळे उपायही माणसं चांगली करण्याचेच शोधत बसलोय. नियमावली काढा, प्रतिज्ञा घ्या, व्याख्यानं ठेवा. मला आता ठाम वाटायला लागलंय की कर्मचाऱ्याची नीतिमत्ता सुधारायच्या भानगडीत सरकारने पडूच नये. त्याच्या टेबलावर घड्याळ ठेवावं, आणि त्या घड्याळाचं बटण त्याच्या हातात देऊ नये. बस्स.

गंमत बघा, 'आचारसंहिता' हा शब्द आपल्याकडे ऐकू येतो तो निवडणुकीत. 'आचारसंहिता लागलीय, आता काही होणार नाही' हे वाक्य तुम्हीही खिडकीवर ऐकलं असेल. ज्या कामाचा निवडणुकीशी काडीचा संबंध नाही ते कामही त्या दीड-दोन महिन्यांत थांबतं. आचाराची संहिता आली की काम थांबतं, हे आपल्या लोकांना अनुभवाने माहीत आहे!

असो. मुद्द्यावर येतो.

महाराष्ट्रात सरकारी नोकरांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आहेत, १९७९ सालचे. केंद्राचे १९६४ चे. सवड मिळाली तर वाचा, अजिबात अवघड नाहीत. नितांत सचोटी ठेवावी, कर्तव्यपरायण असावं, नोकराला न शोभणारं वर्तन करू नये, अशी सुरुवात होते. मग भेटवस्तू कुठल्या घ्याव्यात, कुठल्या नाही. मालमत्ता घेतली-विकली तर कळवावं. हुंडा घेऊ नये. खासगी धंदा करू नये. राजकारणात पडू नये. सरकारवर जाहीर टीका करू नये. सगळं ठीक आहे, यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. पण हे नियम वाचताना मी एक खेळ केला. प्रत्येक नियमासमोर लिहीत गेलो की हा नोकर इथे कोणाला बांधील आहे? उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी एकच येतं, सरकारला. खिडकीच्या या बाजूला उभा असलेला माणूस या सगळ्या कारभारात भेटतो तो मुख्यतः भेटवस्तू देणारा म्हणून.

केंद्राच्या नियमांत हे पुढे थोडं सुधारलं. लोकांशी उद्धटपणे वागू नये, मुद्दाम दिरंगाई करू नये असं त्यात आलं. २०१४ मध्ये तर मूल्यांची एक लांबलचक यादीच घातली: पारदर्शकता, उत्तरदायित्व, दुर्बल घटकांबद्दल संवेदनशीलता वगैरे. वाचायला छान वाटतं. पण हे मोडलं तर काय? विभागीय चौकशी. ती होते खातं आणि कर्मचारी यांच्यात. ज्याचं काम रखडलं तो या चौकशीत पक्षकार नसतो. फार तर साक्षीदार म्हणून बोलावतील. चौकशी झाली, ठपका बसला, वेतनवाढ रोखली, तरी त्याचा दाखला त्यातून मिळत नाही.

आमच्या धंद्यात समजा सर्व्हर बंद पडला, आणि क्लायंटला कळवलं की आम्ही संबंधित इंजिनिअरच्या चारित्र्याची चौकशी सुरू केली आहे, तर क्लायंट काय म्हणेल? तो म्हणेल, बाबा रे, त्याचं चारित्र्य तुझं तू बघ, सर्व्हर कधी चालू होतोय ते सांग.

नागरिकांच्या सनदेची कल्पना मुळात हीच होती. ब्रिटनमध्ये १९९१ साली जॉन मेजरच्या सरकारने ती आणली. सरकारने लोकांना सांगायचं की अमुक सेवा अमुक दर्जाची अमुक वेळात मिळेल, आणि नाही मिळाली तर दाद कुठे मागायची. आपल्याकडे २४ मे १९९७ ला दिल्लीत मुख्यमंत्र्यांची परिषद झाली आणि तिथे ठरलं की आपणही सनदा काढायच्या. काढल्या. खात्यांनी भराभर काढल्या. रंगारी लावून फलक रंगवले. पण सनद पाळली नाही तर काय, हा रकाना रिकामाच राहिला. ज्या करारात कलमभंगाचं कलम नाही त्याला आपण करार म्हणत नाही, लग्नपत्रिका म्हणतो. सर्वांनी अगत्य येण्याचे करावे.

महाराष्ट्राने यात थोडं पुढचं पाऊल टाकलं, ते श्रेय द्यायला हवं. २००५ चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा (पूर्ण नाव एवढं लांब आहे की ते वाचण्यातच विलंब होतो) १ जुलै २००६ पासून लागू झाला. त्यात सनद काढणं बंधनकारक केलं, आणि कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये असं स्पष्ट लिहिलं. सात दिवस! हा कायदा आजही अस्तित्वात आहे. पण मोडल्यावर कारवाई कोणी करायची? त्याच खात्याने. शिस्तभंगाची. म्हणजे पुन्हा घरातलं प्रकरण घरात.

दरम्यान दिल्लीत नीतिमत्तेचा जोर वाढत होता. २००७ मध्ये वीरप्पा मोईलींच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने शासनातील नीतिमत्तेवर एक अख्खा अहवाल दिला. मंत्र्यांना संहिता, आमदार-खासदारांना संहिता, अधिकाऱ्यांना संहिता, न्यायाधीशांना संहिता. २०१३ पासून यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर आला. मग काय, त्याचे क्लासेस निघाले. 'तुम्ही एका जिल्ह्याचे जिल्हाधिकारी आहात, मंत्र्यांचा फोन येतो...' छापाचे प्रश्न, आणि त्यांची पाठ करायची उत्तरं. आणि त्याच सुमारास, २०११ च्या डिसेंबरमध्ये लोकसभेत मांडलेलं, देशभर मुदतीत सेवा मिळण्याचा हक्क देणारं विधेयक २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा व्यपगत झालं. पुढे ते आलंच नाही. म्हणजे नीतिमत्ता परीक्षेत आली आणि मुदत कायद्यातून गेली. यापेक्षा सरळ पुरावा मला देता येणार नाही.

हल्ली ऑक्टोबरच्या शेवटी, सरदार पटेलांच्या जयंतीच्या आसपास, दक्षता जागरूकता सप्ताह असतो. सगळ्या कार्यालयांत सत्यनिष्ठेची प्रतिज्ञा घेतात. प्रतिज्ञा ऑनलाइनही घेता येते आणि घेतल्यावर लगेच प्रमाणपत्र डाउनलोड होतं. सरकारी संगणकावर अर्ज केल्या केल्या, एकही त्रुटी न निघता, त्याच मिनिटाला मिळणारं प्रमाणपत्र पाहायचं असेल तर एवढं एकच आहे.

आता 'त्रुटी' या शब्दाकडे येतो. खरं तर हा सगळा लेख त्याच्यासाठीच आहे.

२०१५ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. आधी २८ एप्रिलला अध्यादेश, मग कायदा. मध्य प्रदेशने २०१० मध्ये, बिहारने २०११ मध्ये असे कायदे केले होते, आपण मागून गेलो, पण केला तो बरा केला. अधिसूचित सेवा, प्रत्येकीला मुदत, प्रत्येकीला पदनिर्देशित अधिकारी. मुदतीत काम झालं नाही किंवा नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग राज्य सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. 'आपले सरकार' पोर्टलवर अर्ज करा, क्रमांक मिळतो, कुठवर आलं ते दिसतं. कागदावर बघितलं तर ही चक्क सेवा-पातळीची हमी आहे. आपल्या भाषेत एसएलए. मी कायदा पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, अरे, हे तर आपल्यापैकीच कोणीतरी लिहिलंय.

आणि मग कलम ५ लागलं. त्यात असं आहे की मुदत मोजायची ती अर्ज सर्व बाबतीत परिपूर्ण असा मिळाल्याच्या तारखेपासून.

ज्यांनी सपोर्ट प्रोजेक्टवर रात्री काढल्या आहेत ते इथे गालातल्या गालात हसतील. मी तीन वर्षं काढली आहेत. टिकेट येतं, घड्याळ सुरू होतं, चार तासांत उत्तर द्यायचं असतं. तीन तास पन्नास मिनिटं होतात. कोणालाच काही कळलेलं नसतं. तेव्हा टीममधला अनुभवी माणूस काय करतो? क्लायंटला विचारतो, 'कृपया स्क्रीनशॉट पाठवाल का?' आणि टिकेटची अवस्था बदलतो: ग्राहकाकडून माहितीची प्रतीक्षा. घड्याळ थांबलं. स्क्रीनशॉट आला की विचारायचं, ब्राउझरचं व्हर्जन कोणतं? पुन्हा घड्याळ थांबलं. महिन्याच्या शेवटी रिपोर्ट हिरवागार. सगळी टिकेटं मुदतीत. क्लायंटच्या मॅनेजरने हे ओळखलं की तो करारात एक ओळ घालतो: माहिती एकदाच मागायची, आणि थांबलेला वेळ रिपोर्टमध्ये वेगळा दाखवायचा. ज्या दिवशी ती ओळ येते त्या दिवसापासून स्क्रीनशॉटची गरज आश्चर्यकारकरीत्या कमी होते. टीम तीच असते बरं का. कोणी टीमला नीतिशास्त्र शिकवलेलं नसतं.

आता हे तहसीलला लावा.

आमच्या सोसायटीत पोळ्या करायला येणाऱ्या मावशींच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. २०२४ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने निर्णय घेतलाय की आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. फार चांगला निर्णय आहे, मनापासून सांगतो. पण ती सगळी माफी एका कागदावर टांगलेली आहे: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. मुदत १५ दिवस. मावशींचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे हे शाबीत करायला खरं तर त्यांच्या चपलांकडे बघितलं तरी पुरेसं होतं, पण ठीक आहे, कागद तो कागद.

अर्ज सेवा केंद्रातून गेला. बाराव्या दिवशी त्रुटी: शिधापत्रिकेची प्रत अस्पष्ट. मी माझ्या फोनवर स्कॅन करून दिली, त्यात रेशन दुकानदाराच्या सहीची शाई वाळली की नाही तेसुद्धा दिसत होतं. पुन्हा अकरा दिवसांनी त्रुटी: उत्पन्नाचा अहवाल जोडावा. (हे पहिल्या वेळी का नाही सांगितलं?) मावशींनी एक दिवसाची सगळी कामं बुडवली, अहवाल आणला. नवव्या दिवशी त्रुटी: अहवालावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत तफावत. आधारवर नवऱ्याचं पूर्ण नाव, अहवालावर आद्याक्षर. आणखी एक दिवस. कॉलेजने तोवर सांगितलं की माफी मंजूर झाली की पैसे परत करू, पण आत्ता भरा. मावशींनी बचत गटातून कर्ज काढलं.

आता मला सांगा, यात कोणी कुठला नियम मोडला? कोणी पैसे मागितले नाहीत. खिडकीवरची बाई चक्क गोड बोलत होती, 'ताई' म्हणत होती. प्रत्येक त्रुटी पंधरा दिवसांच्या आत काढली. शिधापत्रिका अस्पष्ट असेलही कुणाच्या स्क्रीनवर. वर्तणूक नियमांतला एकही नियम इथे लागू होत नाही. लाचलुचपतवाल्यांना फोन करून काय सांगणार, त्यांनी लाच मागितली नाही म्हणून? सेवा हक्क कायद्यात अपील करायचं तर मुदत उलटलेली पाहिजे किंवा अर्ज नाकारलेला पाहिजे. इथे अर्ज नाकारलेला नाही आणि मुदत, त्यांच्या हिशेबाने, अजून सुरूच झालेली नाही. तिथल्या महिन्याच्या अहवालात मावशींचा अर्ज 'विलंबित' या रकान्यात दिसणार नाही. रिपोर्ट हिरवागार.

म्हणून मी म्हणतो की नीतिमत्तेची भाषा इथे निरुपयोगी आहे. किंबहुना ती नुकसान करते, कारण ती सगळं लक्ष खिशाकडे वळवते. खिसा साफ असला की आपण म्हणतो, माणूस चांगला आहे हो. चांगला असेल. सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण काही फक्त लाचखोरांमुळे पडलेली नाही. आणि उलटही बघा, लाचेचा बाजार चालतो तो याच थांबलेल्या घड्याळावर. त्रुटी काढणं कायदेशीर आहे, म्हणून त्रुटी न काढण्याला किंमत येते. दारावर फिरणारा एजंट दुसरं काय विकतो?

एजंटावरून आठवलं. आपण आयटीवाले या बाबतीत फार सोवळे नाही आहोत. आपल्यातल्या किती जणांनी आरटीओची, रजिस्ट्रेशनची रांग गेल्या पाच वर्षांत पाहिली आहे? आपण एजंटाला फोन करतो आणि त्या पैशाला 'सर्व्हिस चार्ज' म्हणतो. त्यात नैतिक अधःपतन वगैरे मला दिसत नाही. मला दिसतं ते हे, की ज्याला कायदा वाचता येतो, इंग्रजीत-मराठीत धड अपील लिहिता येतं, तो गिऱ्हाईक रांगेतून निघून गेला. मागे राहिल्या मावशी. त्यांच्या तक्रारीची सवय कोणालाच नाही, त्यांना स्वतःलाही नाही.

जिथे सेवा खरोखर सुधारली तिथे काय झालं ते बघू. रेल्वेचं आरक्षण. आमचे वडील सांगतात त्या काळी आरक्षणाच्या वह्या असत आणि कोणत्या वहीत कोणती जागा शिल्लक आहे हे फक्त कारकुनाला माहीत असे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून संगणक आले, २००२ पासून तिकीट घरबसल्या मिळायला लागलं. रेल्वेचे कारकून संत झाले नाहीत. शिल्लक जागा सगळ्यांना दिसायला लागली, एवढंच. पासपोर्ट तसाच. २०१० पासून सेवा केंद्रं सुरू झाली. टोकन, फोटो, स्कॅनिंग टीसीएसकडे आणि मंजुरीचा अधिकार सरकारी अधिकाऱ्याकडेच. वेळ ठरलेली, कागद त्याच ठिकाणी त्याच दिवशी तपासून होणार, कमी काय आहे ते तिथल्या तिथे कळणार. मग उशीर कुठे शिल्लक राहिला? पोलीस पडताळणीत. जिथे घड्याळ नव्हतं तिथे.

सातबारा बघा. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो, मध्यरात्री मिळतो, तलाठ्याला (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) न भेटता मिळतो. माझ्या गावाकडच्या काकांना अजूनही यावर विश्वास बसत नाही, ते प्रिंट घेऊन एकदा तलाठ्याला दाखवून येतातच. पण वडील वारले आणि वारसांची नावं लावायची आहेत म्हटलं की आलंच सगळं: फेरफार, नोटीस, हरकतीचे १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याचं प्रमाणित करणं. हरकतीचे पंधरा दिवस रास्त आहेत, जमिनीचा मामला आहे. त्यानंतरचे महिने कसले, हे विचारलं की 'साहेब मिटिंगला गेलेत'.

आणि कोणी म्हणेल की हा शेवटी संगणकवाल्याचा संगणकाचा हट्ट, तर तसं मुळीच नाही. १९८० च्या दशकात अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी दप्तराची मांडणी बदलली, बसण्याची रचना बदलली, कोणता कागद कुठे सापडेल ते ठरवलं, येणाऱ्या माणसाला एका ठिकाणी उत्तर मिळेल असं केलं. 'लखिना पॅटर्न' म्हणून तो गाजला. एकही संगणक नव्हता त्यात. पण त्या कथेत आपल्याला काय आवडतं? लखिना आवडतात. पॅटर्न नाही. तेच आपण आजवर करत आलोय. तुकाराम मुंढेंच्या बदल्यांची बातमी आली की व्हॉट्सॲपवर हळहळ, वीसहून जास्त बदल्या झाल्या त्यांच्या. हळहळ खरी आहे. पण ज्या गावाचा कारभार एका साहेबाच्या येण्याने सुधारतो आणि जाण्याने बिघडतो, त्या गावात मुळात कारभार नव्हताच, साहेब होता. मी ज्या सिस्टीमवर काम करतो ती समजा एकाच माणसाच्या डोक्यात असेल, तर आमचा मॅनेजर त्याचा सत्कार करत नाही, घाबरतो.

'पदं रिकामी आहेत, एका कारकुनाकडे तिघांचं काम आहे, तो तरी काय करणार?' हा आक्षेप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, आणि तो खरा आहे. पण मग घड्याळाची सगळ्यात जास्त गरज त्या कारकुनालाच आहे. मुदत खरी मोजली असती तर विलंब त्याच्या नावावर न दिसता रिकाम्या पदाच्या नावावर दिसला असता, आणि मंत्रालयात कोणाला तरी त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं. त्रुटी काढून तो आज स्वतःला वाचवतो आणि त्याच झटक्यात आपल्या खात्याची उपासमार झाकतो. नीतिमत्तेची प्रतिज्ञा घेऊन त्याच्या शेजारची खुर्ची भरली जात नाही.

दुसरा आक्षेप, माणसं प्रामाणिक नसतील तर कोणतंही घड्याळ वाकवतील. वाकवतील की! आम्हीही वाकवलंच असतं, ती ओळ करारात आली नसती तर. म्हणूनच ती ओळ हवी. मला काय हवंय ते नेमकं सांगतो. मुदत अर्ज दाखल झाल्याच्या पोचपावतीपासून मोजा, 'परिपूर्ण' हा शब्द त्या वाक्यातून काढा. त्रुटी काढायचीच असेल तर पहिल्या तीन दिवसांत, सगळ्या मिळून, एकदाच. दुसऱ्यांदा काढली तर तो नकार धरा, म्हणजे अपिलाचं दार उघडेल. अर्ज किती दिवस अर्जदाराच्या नावावर थांबवून ठेवला होता ते पोर्टलवर, कार्यालयाच्या नावासकट, सगळ्यांना दिसू द्या.

आणि दंडाचं काहीतरी करा हो. माहिती अधिकारात रोजचे २५० रुपये, २५,००० पर्यंत. सेवा हक्कात ५,००० ची कमाल मर्यादा, ती ठरवणार त्याच खात्यातला वरचा अधिकारी, कारण पहिली दोन्ही अपिलं खात्यातच चालतात. ज्याला रोज त्याच माणसाकडून काम करून घ्यायचंय तो त्याला दंड करेल अशी अपेक्षा आहे. मध्य प्रदेशच्या कायद्यात निदान दंडाच्या रकमेतून अर्जदाराला भरपाई देता येते. मावशींचे तीन दिवस बुडाले, त्यांच्या पाच घरच्या पोळ्यांचा हिशेब कोणीही करू शकेल. तो पैसा सरकारी तिजोरीत कशाला जायला हवा? पहिलं अपील दुसऱ्या खात्याच्या अधिकाऱ्याकडे द्या, महसूलचं जिल्हा परिषदेकडे, जिल्हा परिषदेचं महसूलकडे. दोन्ही खात्यांतलं परस्परप्रेम पाहता निकाल वेळेत लागतील याची मला खात्री आहे.

यातलं एकही काम अवघड नाही, एका दुरुस्ती विधेयकाचं आहे. उलट २०१५ सालीच सरकारने दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साधं स्वयंघोषणापत्र चालेल असं ठरवलं, तरी २०२४ मध्ये मुद्रांक शंभरचा पाचशेला गेला तेव्हा विद्यार्थ्यांच्या दाखल्यांचा किती गोंधळ झाला ते आठवा. शेवटी २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांना जाहीर करावं लागलं की या कामाला मुद्रांकच लागणार नाही. दहा वर्षं एक सवलत कागदावर होती आणि खिडकीवर नव्हती. खिडकीवरच्या माणसाला ती न पाळण्याची किंमत शून्य होती, एवढंच त्याचं कारण.

तोवर आहे त्या कायद्यात काय करता येईल ते बघतोय. मावशींसाठी पहिल्या अपिलाचा मसुदा केलाय, दीड पान झालंय. मुद्दा एकच घेतलाय: एकाच अर्जावर तीन वेळा वेगवेगळ्या त्रुटी काढणं, ज्या पहिल्याच वेळी दिसत होत्या, हे सेवा नाकारणंच आहे, आणि मुदत पहिल्या पोचपावतीपासून मोजली जावी. तिन्ही त्रुटींचे स्क्रीनशॉट तारखांसकट जोडलेत (हो, स्क्रीनशॉट!). कोणाच्याही सचोटीबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. सोमवारी मावशींची सही घेऊन अपील दाखल करतो.